ब्रुकलिन आर्मी टर्मिनल: लष्कर गेल्यावर आठ मजली गोदामाचं काय झालं

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सनसेट पार्क नावाची वस्ती आहे. 'एन' किंवा 'आर' गाडीनं ५९व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरायचं आणि समुद्राच्या दिशेनं चालू लागायचं. तिसऱ्या अ‍ॅव्हेन्यूवर डोक्यावरून गोवानस एक्स्प्रेसवेची वाहतूक धडधडत जाते. तो ओलांडून दुसऱ्या अ‍ॅव्हेन्यूवर आलं की समोर काँक्रीटची एक इमारत येते आणि ती संपता संपत नाही. आठ मजले, लांबी सुमारे ९८० फूट. शेजारी तेवढ्याच लांबीची दुसरी. दोघींना जोडणारे हवेतले बंद पूल, आणि पलीकडे न्यूयॉर्कच्या बंदराचं पाणी. सगळं मिळून जवळपास ४० लाख चौरस फूट बांधकाम. हेच ब्रुकलिन आर्मी टर्मिनल.

माझं लहानपण लालबागचं. बाबा गिरणीत होते. त्यांच्या गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर आहे आणि त्याच्या फाटकातून आत जायचं तर सुरक्षारक्षक 'किसको मिलना है' असं विचारतो. कामधंद्याची एखादी अवाढव्य इमारत रिकामी झाली की तिचं पुढे काय होतं, कोण ठरवतं, आणि तिथे कष्ट करणाऱ्या वस्तीच्या वाट्याला काय येतं, हे प्रश्न म्हणूनच माझ्यासाठी पुस्तकी नाहीत. न्यू जर्सीला राहायला आल्यावर या टर्मिनलची गोष्ट कळली आणि मी ती धरूनच बसले. इथे लष्कर गेलं, गोदी गेली, आणि तरी इमारत कामगारांची राहिली. ते कशामुळे झालं, ते नीट पाहण्यासारखं आहे.

युद्धात अडलेला माल

अमेरिका पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१७ मध्ये उतरली, आणि लवकरच लक्षात आलं की सैन्य उभं करणं एकवेळ जमेल, पण त्याचा दाणागोटा युरोपात पोचवणं फार अवघड आहे. बहुतेक सगळा माल न्यूयॉर्कच्या बंदरातूनच जायचा. १९१७-१८च्या कडक हिवाळ्यात पूर्व किनाऱ्यावरचे रेल्वेमार्ग तुंबले. मालाच्या वाघिणी बंदराशी येऊन उभ्या राहायच्या, त्या रिकाम्या करायला जागा नसायची, आणि रिकाम्या झाल्या नाहीत म्हणून मागच्या अडायच्या. बंदरात जहाजं कोळशाची वाट पाहत थांबलेली. कोंडी इतकी वाढली की डिसेंबर १९१७ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी देशभरातली रेल्वे सरकारच्या ताब्यात घेतली.

सैनिक पाठवण्याचं मुख्य ठाणं तेव्हा नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या होबोकेनला होतं. जर्मन जहाज कंपन्यांचे धक्के जप्त करून ते तिथे थाटलं होतं. मालासाठी मात्र लष्कराला स्वतःचं, मोठं आणि कायमचं ठिकाण हवं होतं. ब्रुकलिनचा हा किनारा निवडण्यामागे शेजाऱ्याचाही हात असावा. लागूनच आयर्विंग बुश यांचं बुश टर्मिनल होतं. तिथे धक्का, रेल्वे, गोदाम आणि कारखाना एकाच आवारात आणण्याचा प्रयोग आधीच यशस्वी झाला होता, आणि युद्धकाळात न्यूयॉर्क बंदराच्या मंडळाचा कारभारही याच बुश यांच्याकडे सोपवला होता.

आराखड्याचं काम कॅस गिल्बर्ट यांना मिळालं. ७९२ फुटांची वूलवर्थ बिल्डिंग त्यांचीच. १९१३ पासून १९३० पर्यंत ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. पुढे वॉशिंग्टनचं सर्वोच्च न्यायालयही त्यांनीच रेखाटलं. नक्षीकाम, मनोरे, संगमरवरी खांब यांत रमणाऱ्या या माणसाला लष्करानं सांगितलं की शोभा नको, वेग हवा. पोलाद युद्धाच्या कामी लागलेलं, म्हणून इमारत आरसीसीची करायची ठरली. टर्नर कन्स्ट्रक्शन या काँक्रीटमधल्या मातब्बर कंपनीनं मे १९१८ मध्ये काम सुरू केलं आणि सप्टेंबर १९१९ मध्ये, म्हणजे जेमतेम दीड वर्षात, संपवलं.

तोवर युद्ध संपून दहा महिने झाले होते. ज्या घाईसाठी एवढा आटापिटा केला, ती घाई इमारत तयार होण्याआधीच ओसरली. वीस वर्षं मग जागेचा काही भाग खासगी व्यापाऱ्यांना भाड्यानं गेला, आणि दारूबंदीच्या काळात सरकारनं जप्त केलेली दारू इथे कोंडून ठेवली गेली.

तिरके सज्जे

दोन इमारतींना 'ए' आणि 'बी' म्हणतात. त्यातल्या 'बी' इमारतीच्या आतला भाग मी गटासोबत फिरून पाहिला. बाहेरून ती निव्वळ एक ठोकळा दिसते. आत गेलं की कळतं की ती मधोमध पोकळ आहे. तळापासून छपरापर्यंत एक लांबलचक चौक, आणि त्याच्या जमिनीवर रूळ. मालगाडी थेट इमारतीच्या पोटात शिरायची. दोन्ही बाजूंच्या भिंतींतून काँक्रीटचे पुष्कळ छोटे सज्जे बाहेर आलेले आहेत. पण ते एकाखाली एक नाहीत. प्रत्येक मजल्यावरचा सज्जा खालच्या मजल्यावरच्यापेक्षा थोडा सरकलेला आहे. खालून वर पाहिलं की ते तिरक्या ओळींत चढत जाताना दिसतात. कुणी कापडावर तिरपी वीण काढावी तसे.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही सजावट वाटते. कारण अगदी साधं आहे. चौकाच्या वरच्या टोकाला लांबीभर फिरणाऱ्या क्रेन होत्या. क्रेनचा दोर सरळ खाली येतो. सज्जे एकाखाली एक असते तर सर्वांत वरचा सज्जा सोडून खालच्या एकाही सज्ज्यावर माल टेकवता आला नसता, वरचे आडवे आले असते. ते सरकवल्यामुळे प्रत्येक सज्ज्याच्या डोक्यावर मोकळं आकाश राहिलं. आता वाघिणीतली पेटी उचलायची, पाचव्या मजल्यावर पाहिजे असेल तर पाचव्या मजल्याच्या सज्ज्यासमोर क्रेन न्यायची आणि हळूच टेकवायची. तिथून ती गाड्यावरून आत गोदामात. जहाज लागलं की लिफ्टनं खाली किंवा हवेतल्या पुलावरून धक्क्याकडे. पेटी एकदाही रस्त्यावर, पावसात, गर्दीत येत नाही.

आणखी एक गोष्ट जवळून पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. आतल्या मजल्यांना तुळया नाहीत. खांब वर जाताना छत्रीसारखे पसरतात आणि सपाट छताला भिडतात. त्यामुळे माल थेट छतापर्यंत रचता येतो आणि उजेड अडत नाही. लष्करासाठी केलेल्या या दोन सोयी, वजन पेलणारी जमीन आणि मोठाल्या खिडक्यांतून खोलवर जाणारा उजेड, साठ-सत्तर वर्षांनी इमारतीच्या कामी आल्या. छोट्या कारखानदाराला नेमकं हेच लागतं.

चौकाच्या छपराच्या काचा आता काढून टाकल्या आहेत, नुसता सांगाडा उरलाय. त्यामुळे पाऊस थेट आत येतो. रुळांवर लाँग आयलंड रेलरोडचे दोन जुने डबे कायमचे उभे आहेत, आणि काही सज्ज्यांवर झाडं लावली आहेत. मी त्या डब्यांशेजारून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सज्जे बघितले, क्रेनची हकीकत ऐकली आणि पहिला प्रश्न केला, "अगं, पण ही जागा नावावर कुणाच्या आहे?"

लष्कराची वर्षं

दुसऱ्या महायुद्धात टर्मिनल खऱ्या अर्थानं जागं झालं. न्यूयॉर्क पोर्ट ऑफ एम्बार्केशन, म्हणजे सैनिक आणि सामग्री परदेशी रवाना करणारी लष्करी यंत्रणा, हिचं मुख्यालय इथे होतं. युद्धकाळात या यंत्रणेमार्फत ३२ लाखांवर सैनिक आणि ३.७ कोटी टन माल रवाना झाला. हे आकडे पुष्कळदा एकट्या या इमारतीच्या नावावर सांगितले जातात. ते बरोबर नाही. यंत्रणेचा पसारा ब्रुकलिन, मॅनहॅटन, स्टेटन आयलंड आणि न्यू जर्सी असा सगळीकडे होता. न्यू जर्सीतल्या कॅम्प किल्मरसारख्या छावण्यांतून सैनिक यायचे आणि बंदरातल्या वेगवेगळ्या धक्क्यांवरून जहाजांत चढायचे. ब्रुकलिन हे त्या सगळ्याचं डोकं आणि सर्वांत मोठं कोठार. एवढं म्हटलं तरी त्याचा मोठेपणा कमी होत नाही.

युद्धानंतर उलट दिशेची वाहतूक सुरू झाली. परदेशी पुरलेल्या सैनिकांचे अवशेष घरच्यांच्या इच्छेनुसार मायदेशी आणले गेले तेव्हा या तळावरून शवपेट्या रेल्वेनं गावोगावी गेल्या. ज्या रुळांवरून डबाबंद अन्न आणि दारूगोळा आला, त्याच रुळांवरून.

टर्मिनलची सर्वांत प्रसिद्ध तारीख मात्र २२ सप्टेंबर १९५८. सक्तीच्या लष्करी सेवेत भरती झालेला प्रसिद्ध गायक एल्विस प्रेस्ली त्या दिवशी इथून 'जनरल रँडल' या जहाजानं जर्मनीला निघाला. जहाजावर चढण्याआधी त्यानं इथेच पत्रकारांशी बोलणं केलं. टर्मिनलविषयी कुठेही वाचायला घ्या, एल्विस पहिल्या परिच्छेदात भेटतो. मला त्याच्याविषयी राग नाही, पण त्या गर्दीत इथे वर्षानुवर्षं पाळीनं राबलेले हमाल, क्रेनवाले आणि कारकून दिसेनासे होतात.

पेटीनं पेटीला मारलं

एल्विस निघाला त्याच्या दोन वर्षं आधी, २६ एप्रिल १९५६ला, समोरच्या न्यू जर्सीतल्या नेवार्क बंदरातून 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन टेक्सासला गेलं. ब्रुकलिनच्या किनाऱ्याचं भवितव्य त्या दिवशी ठरलं असं म्हणायला हरकत नाही. गिल्बर्टची सगळी करामत एकेक पोतं, एकेक खोकं हाताळण्यासाठी होती. कंटेनरला सज्जा लागत नाही, आठवा मजला लागत नाही. त्याला लागतं मोकळं, सपाट, अफाट मैदान आणि महामार्गाला लागलेला रस्ता. ते न्यू जर्सीत होतं. दाटीवाटीच्या ब्रुकलिनमध्ये कुठून येणार?

१९६४ साली संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी बंद करायच्या लष्करी ठिकाणांची मोठी यादी जाहीर केली. तिच्यात ब्रुकलिनचं नेव्ही यार्डही होतं आणि हे टर्मिनलही. साठचं दशक संपेपर्यंत इथलं काम खाडीपलीकडे न्यू जर्सीतल्या बेयॉनला गेलं. इमारती केंद्र सरकारच्याच राहिल्या, टपालखात्यानं काही काळ त्या वापरल्या, बाकी बरीचशी जागा ओस.

सनसेट पार्कवर याचा घाव खोल बसला. पूर्वी तिथे आयरिश आणि नॉर्वेजियन गोदी कामगार राहायचे, नंतर पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबं. गोदी, टर्मिनल, बुशचे कारखाने हेच त्यांचं पोट. १९५०च्या सुमारास न्यूयॉर्क शहरात कारखान्यांतल्या सुमारे दहा लाख नोकऱ्या होत्या. सत्तरचं दशक संपताना त्या निम्म्यावर आल्या. त्यात १९७५ला शहराची तिजोरी रिती झाली आणि दिवाळखोरी अगदी दारात येऊन थांबली.

१९८१चा निर्णय

या पार्श्वभूमीवर १९८१ साली, एड कॉच महापौर असताना, न्यूयॉर्क शहरानं हे टर्मिनल केंद्र सरकारकडून ८५ लाख डॉलरला विकत घेतलं. दिवाळखोरीच्या संकटातून नुकत्याच सावरणाऱ्या शहरानं, गळक्या छपराचा आणि गिऱ्हाईक नसलेला हा पसारा घ्यावा, हे तेव्हा पुष्कळांना खुळेपणाचं वाटलं असणार. जगभर कारखाने एकमजली होत होते, शहराबाहेर जात होते. आठ मजली गोदाम भाड्यानं घेणार कोण?

हिशेब असा होता. मोठे कारखाने गेले होते, पण छोटे अजून शहरात होते: शिवणकामाचे, छपाईचे, खाद्यपदार्थांचे, फर्निचरचे. मॅनहॅटनमधल्या जुन्या कारखान्यांच्या माळ्यांवर त्यांचे गाळे असायचे आणि तिथे आता राहायला आणि ऑफिसांसाठी लोक जास्त भाडं देऊ लागले होते. त्यांना हुसकलं गेलं तर शहरात दुसरी जागाच नव्हती. टर्मिनलचे मजले छोट्या गाळ्यांत विभागायचे, लिफ्ट आणि वीज नवी करायची, आणि उद्योगांनाच द्यायचे, असं ठरलं. १९८३ मध्ये इमारतींची राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नोंद झाली. दुरुस्तीचा पहिला टप्पा १९८७च्या सुमारास पुरा होऊन भाडेकरू येऊ लागले.

पुढची वाटचाल संथ आहे आणि ती तशीच सांगायला हवी. एक टप्पा भरला की पुढचा हाती घ्यायचा, पैसे आटले की थांबायचं. १९९१ पासून शहराचं आर्थिक विकास महामंडळ कारभार बघतं. 'ए' इमारतीतला शेवटचा मोठा भाग, सुमारे ५ लाख चौरस फूट, महापौर डी ब्लासिओ यांच्या कारकिर्दीत साधारण १० कोटी डॉलरच्या गुंतवणुकीनं खुला झाला, तेव्हा २०१८ साल उजाडलं होतं. खरेदीपासून ३७ वर्षं. कुठल्याही खासगी विकासकानं एवढी वाट पाहिली नसती, आणि पाहावी अशी अपेक्षाही करता येत नाही. त्याच्यावर कर्जाचं व्याज चढत असतं. शहराला थांबता आलं, यातच या प्रकरणाची सगळी मेख आहे.

शेजारचं बुश टर्मिनल, पलीकडचं बेयॉन

हे पटायला दूर जावं लागत नाही. शेजारचं बुश टर्मिनल खासगीच राहिलं. त्याचं नाव इंडस्ट्री सिटी झालं, आणि २०१३ मध्ये नव्या गुंतवणूकदारांनी त्यात मोठा वाटा घेतला. इमारतींना त्यांनी खरोखर जीव आणला: अंगणं, खानपान, स्टुडिओ, तंत्रज्ञानाच्या कंपन्या. मग दुकानं, कार्यालयं आणि हॉटेलं मोठ्या प्रमाणावर आणण्यासाठी जमिनीचा वापर बदलून मागितला. वस्तीत प्रचंड विरोध उभा राहिला. उप्रोज या स्थानिक संघटनेचं म्हणणं होतं की भाडी भडकतील आणि आम्हीच इथून उठू. स्थानिक नगरसेवकही विरोधात गेले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये मालकांनी अर्ज मागे घेतला. मालक वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी मालकानं करायचं तेच केलं.

बेयॉनची गत आणखी बोलकी आहे. ब्रुकलिनचं काम ज्याच्याकडे गेलं, तो समुद्रात भर घालून केलेला दोन मैल लांबीचा लष्करी तळही १९९५च्या बंद करायच्या तळांच्या यादीत आला आणि १९९९ मध्ये बंद झाला. तिथे नगरपालिकेनं मोठा आराखडा केला: घरं, कार्यालयं, बाजार, वेगवेगळ्या उपनगरांसारखे भाग. २००४ मध्ये पर्यटक जहाजांचा धक्का सुरू झाला, तो आजही चालतो. पण २००८च्या घरबांधणीतल्या मंदीत बाकीची गती तुटली, आणि २०१० मध्ये पालिकेनं सुमारे १३० एकर जमीन पोर्ट ऑथॉरिटीला, म्हणजे बंदरं चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, २३.५ कोटी डॉलरला विकली, कंटेनर बंदराच्या वाढीसाठी. सगळा डाव घरांच्या बाजारभावावर लावला की असं होतं. बेयॉनकडे निदान विकण्याजोगी मोकळी जमीन होती.

आणि मुंबई. शहरानं टर्मिनल घेतलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ला, गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, सुमारे ६०० एकर जमीन. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमात तोडगा होता: एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, बाकी मालकाला. २००१च्या दुरुस्तीत हा वाटा फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला, बांधकामाखालची जमीन हिशेबातून गेली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. बाबांचा प्रश्न मी वर दिलाय. 'शहराच्या नावावर' असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, "आपल्याकडे पण सरकारच्या होत्या की." त्यांचं बरोबर आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे मुंबईतल्या २५ गिरण्या होत्या, आणि २००५ साली त्यांतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकून महामंडळानं दोन हजार कोटींवर रुपये उभे केले. सातबारा सरकारचा असून भागत नाही. विकायचं नाही आणि कामाशिवाय दुसऱ्याला द्यायचं नाही, हे ठरवावं लागतं आणि पुढच्या प्रत्येक कारभाऱ्याला ते पाळावं लागतं. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतची बंदराची जमीन आजही सार्वजनिक मालकीची आहे. म्हणून ही जुनी जखम मी इथे उघडते आहे.

आत काय चालतं

आज टर्मिनलमध्ये शंभरावर उद्योग आहेत आणि चार हजारांच्या आसपास माणसं काम करतात. जॅक टोरेस यांचा चॉकलेटचा कारखाना इथे आहे. 'अनकॉमन गुड्स' ही भेटवस्तू विकणारी कंपनी इथूनच मालाच्या पेट्या बांधून पाठवते. सुतारकाम, कपडे, धातूकाम, चित्रकारांच्या खोल्या, सगळं एकमेकांशेजारी.

'ए' इमारतीत जैवतंत्रज्ञानासाठी वेगळा भाग आहे. तिथे २००८ मध्ये आयएव्हीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेनं एड्सच्या लसीची प्रयोगशाळा थाटली. याच संस्थेच्या सहभागानं २००५ मध्ये भोसरीच्या 'नारी' संस्थेत, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, भारतातली एड्सच्या लसीची पहिली मानवी चाचणी सुरू झाली होती. ती लस पुढे गेली नाही, पण काम थांबलेलं नाही. सैन्याच्या कोठारातल्या मजल्याचा पुण्याशी असा धागा असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

जानेवारी २०२१ मध्ये शहरानं कोविड लसीकरणाची पहिली चोवीस तासांची केंद्रं उघडली, त्यातलं एक इथे होतं. जागा हाताशी होती, कुणाची मिनतवारी करावी लागली नाही. २०१७ पासून धक्का क्रमांक चारवर शहराची फेरीबोट थांबते, त्यामुळे मॅनहॅटनहून पाण्यानं येता येतं.

जमेच्या आणि खर्चाच्या बाजू

कौतुक करून थांबणं अप्रामाणिकपणाचं होईल. ४० लाख चौरस फुटांत चार हजार माणसं म्हणजे ढोबळमानानं हजार फुटांना एक नोकरी. कार्यालयांच्या इमारतीत याच्या कितीतरी पट बसली असती, आणि कर भरणारा मालक असता तर शहराला कमाईही झाली असती. काही जागा निव्वळ साठवणीत जाते. जनतेचा पैसा चार दशकं ओतला गेलाय. आठ मजली इमारतीत कच्चा माल लिफ्टनं चढवायचा आणि पक्का उतरवायचा, हा खोळंबा कुठल्याही दुरुस्तीनं संपत नाही. मोठ्या उत्पादकाला ही जागा कधीच भावणार नाही.

हे सगळं खरं धरूनही मला शहराचा निर्णय योग्य वाटतो, आणि तो भावनेपोटी नाही. सनसेट पार्कमध्ये आज चिनी आणि मेक्सिकन स्थलांतरितांची मोठी वस्ती आहे. इंग्रजी कच्चं, पदवी नाही, पण हातात कसब आहे, अशा माणसाला मॅनहॅटनच्या कार्यालयात काय काम मिळणार? साफसफाईचं. चॉकलेटच्या कारखान्यात, शिवणाच्या टेबलावर, सुतारशाळेत तो शिकतो, वर चढतो, आणि घरापासून चालत कामाला जातो. हजार फुटांमागची ती एक नोकरी कुणाची, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. २००६ मध्ये शहरानं या पट्ट्याला औद्योगिक क्षेत्र म्हणून जाहीर केलं आणि तिथे घरबांधणीला वाट देणार नाही असा शब्द दिला. त्या शब्दाला वजन आलं ते मधोमध शहराच्याच मालकीची ही इमारत उभी होती म्हणून.

एक धोका मात्र दाराशीच उभा आहे. २९ ऑक्टोबर २०१२च्या रात्री सँडी वादळाचं पाणी सनसेट पार्कच्या किनाऱ्यावरच्या उद्योगांत शिरलं. जहाजासाठी पाण्याला खेटून बांधलेल्या इमारतीला समुद्राची पातळी वाढण्याची झळ सर्वांत आधी लागणार, हे उघड आहे. २०२४च्या फेब्रुवारीत शहरानं इथे हवामानबदलावर काम करणाऱ्या नव्या उद्योगांसाठी १० कोटी डॉलरचं केंद्र जाहीर केलं: बॅटऱ्या, इमारतींची ऊर्जाबचत, वीज यांतल्या नव्या गोष्टी इथेच बनवून, इथेच छपरावर आणि धक्क्यावर लावून तपासायच्या. कल्पना चांगली आहे. पण अशा केंद्रांत पदवीधर संशोधक आधी येतात आणि यंत्र चालवणारे हात नंतर, कधीकधी येतच नाहीत. ५९व्या रस्त्यावरून सकाळी चालत येणाऱ्या बायकांना त्या मजल्यांवर कोणतं काम मिळणार आणि त्याचं शिक्षण त्यांना कोण देणार, यावर माझं यापुढे लक्ष राहील. फेरीबोटीचं तिकीट फार नाही. वर्षाकाठी एखादी खेप मी घालणारच आहे.